परातीतल्या शेंगा

सोयाबीनची ओली शेंग कच्ची खायची नसते. बहात्तर सालच्या भादव्यात आमच्या भागात हे माहीत असलेला बहुधा मी एकटाच होतो, कारण शेतकी खात्याची ती छापील पुस्तिका पहिल्या पानाच्या पुढे वाचलेला मीच एकटा होतो. पहिल्या पानावर फोटो होता. सातव्या पानावर लिहिलं होतं की शेंगा मिठाच्या पाण्यात चांगल्या उकडाव्यात, कच्च्या खाल्ल्यास पोटाला त्रास होतो. फोटो पाहून झाल्यावर सातव्या पानापर्यंत जायचं कोणाला काही कारण नव्हतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि तालुक्याच्या शेतकी फार्मवर कारकून होतो. पाऊस सलग फसत आला होता आणि त्या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. फार्मच्या विहिरीला मात्र अजून पाणी होतं, म्हणून त्या सगळ्या राखाडी मुलखात आमचा एक हिरवा तुकडा राहिला होता. त्यात सोयाबीन होतं. तुकड्यापेक्षा त्याच्यापुढची पाटी मोठी होती. ‘प्रात्यक्षिक प्लॉट’ असं तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, आणि रंगाऱ्याला जागा उरली म्हणून त्याने खाली दोन कमळंही काढली होती.

शेंगा भरल्या तेव्हा फार्मच्या साहेबांनी प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम ठेवला. जिल्ह्याहून मोठे पाहुणे आले. ज्या गावात बायका हंडाभर पाण्यासाठी सकाळपासून बसून राहायच्या, त्या गावात पाहुण्यांच्या जीपखाली धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडलं गेलं. बायका ते पाणी जमिनीत मुरताना बघत उभ्या होत्या. भाषण झालं. दूध, मांस, अंडी, तिन्ही एका शेंगेत आहेत, असं पाहुणे म्हणाले. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “त्याच शेंगंत वाईच पानी बी हाय का, इचार की.”

मग पाहुणे पिकात उतरले. आमच्याकडे कोणाच्या रानात गेलं की उभ्या पिकातलं काहीतरी तोडून तोंडात टाकायचं असतं. ओला हरभरा असो, वाटाणा असो, तुरीची शेंग असो. न टाकलं तर रानाचा अपमान. पाहुणे मूळचे शेतकरी होते आणि ते लोकांना दिसावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी शेंग तोडली, अंगावरची लव बोटाने पुसली, दातांनी सोलली आणि दाणे चावले. “गोड आहे,” म्हणाले. पाहुण्यांनी खाल्लं म्हणून साहेबांनी खाल्लं, साहेबांनी खाल्लं म्हणून ग्रामसेवकाने, आणि मग सगळी सभाच पिकात उतरली. लोक भुकेलेले होते. कोणी मूठभर खाल्ल्या, कोणी ओटीभर.

मी बांधावर हार-तुऱ्यांचं ताट धरून उभा होतो. सातवं पान मला पाठ होतं. मी बोललो नाही. कारकुनाला कोणी विचारलं नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे: मला पुढे काय होतं ते पाहायचं होतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. नगरच्या रस्त्यावर जीप तीनदा थांबली, असं ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तिसऱ्यांदा तर बाभळीचाही आडोसा नव्हता. गावातही दोन दिवस लोकांचे हाल झाले. कोणाचं काही कायमचं बिघडलं नाही, पण पिकाला जे नाव पडलं ते पडलं. हगवणीची शेंग. पाटीवरच्या कमळांचा काही उपयोग झाला नाही.

साहेब चार दिवसांनी कामावर आले. गाल आत गेले होते. त्यांनी मला बोलावून विचारलं की त्या पुस्तिकेत यासंबंधी काही होतं का. मी पान सांगितलं.

“मग बोलला का नाहीत?”

“कोणी विचारलं नाही, साहेब.”

त्यांनी पुस्तिका काढून सातवं पान स्वतः वाचलं. वाईट माणूस नव्हता. शेवटी म्हणाले, बियाण्यापुरतं पीक राखा, कडेच्या सऱ्या तशाही गाढवं खाणार, त्या तुम्ही न्या. तुमच्या बहिणीला होतील.

बहिणीचं त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला तिच्या नवऱ्याने तिला एस.टी.ने आणून आमच्या ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या न घेता उभ्याउभ्याच सांगितलं की क्षय निघाला आहे, आणि त्याच गाडीने परत गेला. तिची दोन वर्षांची पोर त्यांनी ठेवून घेतली होती. बरी झाली म्हणजे घेऊन जाऊ, असा शब्द दिला. बरी झाली हे कोणी ठरवायचं, ते बोलणं झालं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की औषध आपलं काम करील, पण वजन वाढलं पाहिजे. अंडी द्या, दूध द्या. वडिलांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळे अंडं घरात येणं शक्य नव्हतं. दूध देणारी गाय चारा नाही म्हणून छावणीत होती आणि तिथे ती स्वतःच हाडांवर आली होती. डाळीचं वरण पातळ होत होत पाण्याच्या जवळ गेलं होतं. दर महिन्याला मी अक्काला घेऊन नगरला जायचो, ती काट्यावर उभी राहायची आणि काटा तिथल्या तिथे असायचा. परतताना ती खिडकीतून बाहेर बघत विचारायची, “आता ती पळत असंल, न्हाई?” पोरीबद्दल.

तिचं सगळं वेगळं होतं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची ताटली, जर्मनचा पेला, दाराशी बसायला वेगळं पोतं. हे कोणी हुकूम काढून केलं नव्हतं, आपोआप झालं होतं. ती पोरीसाठी झबली शिवत बसायची. पोर शेवटची पाहिली तेव्हा कुठपर्यंत येत होती ते स्वतःच्या गुडघ्याला हात लावून आठवायची, त्यावर चार बोटं वाढवायची आणि कापायची. महिना गेला की आणखी एक बोट.

शेंगा घेऊन मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा आईने पिशवीत डोकावून तोंड वाकडं केलं. हगवणीची कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती. मी सातवं पान वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं आणि कागदावर विश्वासही नव्हता. ती म्हणाली, “आधी मी खाते. मला काय झालं तर चालंल. तिला न्हाई चालायचं.” तिने एकटीने वाटीभर खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. काही झालं नाही, तेव्हा शेंगा चुलीवर चढल्या.

करायचं फारसं काही नसतं. त्या लवेमुळे ओठांना खाज सुटते, म्हणून आई शेंगा खडे मिठाबरोबर गोणपाटावर चोळायची. लव निघून यायची आणि मीठ सालाला लागून राहायचं. शेंगेचं एक टोक विळीवर उडवायची, म्हणजे मीठ आत उतरतं. पुस्तिकेने भरपूर पाणी घ्यायला सांगितलं होतं, पण पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी नळ असावा. आमच्याकडे हुलग्याचं माडगं शिजत असायचं, त्याच पातेल्यावर चाळणी ठेवून आई शेंगा वाफेवर घालायची आणि वर परात झाकायची. पाण्याचा एक थेंब जास्त लागत नव्हता. तुरीच्या शेंगा शिजतात त्याहून बराच जास्त वेळ ठेवायची. दाणा दोन बोटांत दाबला की चिरडला पाहिजे, हे तिचं घड्याळ. झाकण काढल्यावर शेंगा एकदम हिरव्यागार दिसायच्या. त्या वर्षी घरात हिरवं असं तेवढंच होतं.

उकडलेल्या शेंगा आमच्याकडे परातीत ओततात आणि सगळे भोवती बसून खातात. शेंग दातांत धरायची, ओढायची, दाणे तोंडात, साल बाजूला. कोणाचा वाटा वेगळा काढत नाहीत. अक्काचा मात्र परात यायच्या आधीच जर्मनच्या ताटलीत काढलेला असायचा, आणि तो सगळ्यांत मोठा असायचा. ती दाराशी बसून म्हणायची, “माझी पंगत मानाची हाय. मला वाढल्याबिगर तुमाला घास न्हाई.” आम्ही हसायचो. पहिल्या दिवशी तिने एक शेंग बोटात धरून म्हटलं होतं की हे सुरवंट दिसतंय, आणि मग सुरवंट आवडल्यासारखे तिने ते सगळे संपवले.

दसऱ्यापर्यंत पाच आठवडे आम्ही हेच खाल्लं. मी रोज सायकलला पिशवी लावून आणायचो. भादवा संपताना नगरला गेलो तेव्हा काटा हलला. डॉक्टरांनी तिला उतरून पुन्हा चढायला लावलं. खोकला दोन महिन्यांपासून नव्हताच. थुंकी तपासली होती, तिच्यात जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अजून वर्षभर चालू ठेवा, पण आता यांच्यापासून कोणाला धोका नाही. मी खात्री करून घ्यायची म्हणून विचारलं की एका घरात राहिलं तर, लहान मूल जवळ असलं तर. ते म्हणाले, “अहो, एका ताटात जेवा.” तसा कागदही दिला.

दाजींना पत्र मी लिहिलं. वडील शाळामास्तर होते, पण माझ्या अक्षराचा घरात दबदबा होता. दोनदा फाडून तिसऱ्यांदा उतरवलं. त्यात ‘वैद्यकीयदृष्ट्या’ असा शब्द घातला. ‘भीती हे अज्ञानाचे लक्षण होय’ असंही एक वाक्य होतं. पाटीवरच्या कमळांना हसणारा मी, ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचून खूश झालो होतो.

आठ दिवसांनी कार्ड आलं. दसऱ्याला सोनं द्यायला येतो, पोरीला आणतो, बघू.

अक्काने ते कार्ड स्वतः वाचायला मागितलं. ती चौथी शिकली होती. शेवटचा शब्द तिने दोनदा वाचला असावा, कारण नजर तिथे थांबली होती.

बेत माझाच होता. मी सांगितलं की कागद दाखवून उपयोग नाही, कागदावर कोणाचा विश्वास बसतो ते आईवरून दिसलंच आहे. दाजींच्या डोळ्यांसमोर आपण सगळ्यांनी अक्कासह एका परातीत खायचं. काही बोलायचं नाही. त्यांना दिसू द्यायचं. वडिलांनी मान डोलावली. आई म्हणाली, मग आदल्या दिवशी एकदा बसून बघू, तिला सवय राहिलेली न्हाई.

सवय खरंच राहिली नव्हती. आदल्या संध्याकाळी परात मध्ये ठेवली, अक्काचं पोतं उचलून आणलं, ती बसली, पण हात मांडीवरून उठेना. आईने तिचा हात धरून शेंगांत घातला. मग ती खाऊ लागली, खाली बघत, भराभर. वडील काहीतरी शाळेतलं सांगत होते. मी परातीच्या माझ्या बाजूच्याच शेंगा घेत होतो. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तिच्या आलं असावं.

दसऱ्याला दुपारच्या गाडीने दाजी आले. आपट्याची पानं त्यांनी वडिलांच्या हातात ठेवली, पाया पडले. पोर त्यांच्या धोतराच्या मागे होती. अक्का दारात उभी होती आणि पुढे येत नव्हती. पोरीने तिच्याकडे पाहिलं, जसं कोणाही बाईकडे बघतात तसं. मग आईने नव्या झबल्याचं निमित्त काढून पोरीला तिच्याजवळ नेलं. अक्काने तिच्या अंगात झबलं घातलं. ते खांद्यावरून उतरत होतं आणि पायात येत होतं. चार बोटं आणि दर महिन्याचं एक बोट, एवढी पोर वाढलीच नव्हती. त्यांच्याकडेही दुष्काळच होता. अक्काने खांद्याला एक गाठ मारली.

परात आली. आईने ती मधोमध ठेवली. दाजी ओसरीवर, त्यांच्या शेजारी वडील, मग मी, मग अक्का, तिच्या पुढ्यात पोर. ठरल्याप्रमाणे कोणी काही बोललं नाही. अक्काने हात घातला आणि शेंग घेतली. दाजी बघत होते. आईने घेतली, वडिलांनी घेतली. थोड्या वेळाने दाजींनी एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “हीच व्हय ती हगवनीची?” वडील हसले. दाजींनी ती दातांत धरून ओढली, दाणे चावले आणि दुसरी घेतली. परातीच्या त्याच बाजूची, जिथे अक्काचा हात होता. मला वाटलं, झालं. माझं प्रात्यक्षिक साहेबांच्या प्रात्यक्षिकापेक्षा सरस ठरलं.

पोर परातीतून शेंगा उचलत होती, पण तिला दाणे काढता येत नव्हते. साल बुळबुळीत, तिचे दात लहान. एक शेंग हातातून निसटली, दुसरी तिने सालासकट चघळली आणि तोंड वाकडं केलं. मग तिने तोंड उघडून अक्कापुढे धरलं. ओळख पटली म्हणून नव्हे, समोर जी बाई होती तिच्यापुढे. अक्काने कोणतीही आई करील ते केलं. शेंग आपल्या दातांतून ओढली, दाणे जिभेवरून बोटांवर घेतले आणि ती बोटं पोरीच्या तोंडाकडे नेली.

मी तिच्या हातावर फटका मारला.

दाणे उडून ओसरीवर पडले. मी असं काही करणार आहे हे मला आधी क्षणभरही माहीत नव्हतं. हात गेला. पोर घाबरून रडायला लागली आणि दाजींकडे पळाली. अक्काचा हात तसाच पुढे राहिला होता.

मी म्हणालो की दाणे गरम होते, पोरीला भाजलं असतं. परात येऊन अर्धा तास झाला होता.

दाजींनी हातातली शेंग परातीच्या कडेला ठेवली. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, “पाव्हणं, पत्र तुमीच लिवलं हुतं न्हवं?”

मी हो म्हटलं.

“अक्षर चांगलं हाय तुमचं.”

वडील समजवायला लागले, कागद काढून आणला, डॉक्टरांचा शिक्का दाखवला. दाजींनी तो आदराने हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. ते भांडले नाहीत. उलट म्हणाले, तुमची काही चूक नाही, पोर सगळ्यांनाच प्यारी असते. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता, पण ते फाट्यावर जाऊन थांबतो म्हणाले. झबलं पोरीच्या अंगातच होतं. अक्का उठली, पोरीच्या खांद्यावरची गाठ तिने नीट केली, एवढंच. मग परातीतल्या राहिलेल्या शेंगा तिने आपल्या जर्मनच्या ताटलीत ओतल्या आणि ती दाराशी जाऊन बसली. पोतं आत राहिलं होतं. ती नुसत्या जमिनीवर बसली.

तिने मला कधी काही विचारलं नाही. त्या संध्याकाळीही नाही. आईने विचारलं. ती म्हणाली, “तुज्यावानी शिकलेल्याचा हात गेला, तर त्या शेतकऱ्यानं काय करावं?” पुढच्या महिन्यात मी डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. आईच्या तोंडातून असं काही मुलाला दिलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला मागेच सांगितलं होतं, आता काही धोका नाही, आणि हा रोग तसाही खोकल्यातून पसरतो, जेवणातून नाही. का विचारता? मी म्हटलं, सहज. बाहेर येऊन मी एस.टी. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या.

माघात दाजींनी दुसरं लग्न केलं. निरोप आला होता. पोर मोठी झाली, तिचंही लग्न झालं, त्याची पत्रिका आली होती, तीत आईच्या जागी दुसरं नाव होतं. ते बरोबरच होतं, वाढवलं त्या बाईने होतं.

अक्का पूर्ण बरी झाली. गोळ्या वर्षभर एकही न चुकता घेतल्या. त्यानंतर तीस वर्षं ती आमच्या घरात राहिली आणि तिला साधा खोकला झालेलाही मला आठवत नाही. पुढे जिल्ह्यात सोयाबीन सगळीकडे झालं, हगवणीचं नाव लोक विसरले. गणपती उठले की ती बांधावरून ओल्या शेंगा मागवायची, मिठाने चोळायची, वाफेवर उकडायची. घरात नळ आला तरी चाळणीच ठेवायची. माझ्या मुलांना त्या फार आवडायच्या. ती परात मध्ये ठेवायची, मुलं भोवती जमायची आणि ती आपली ताटली घेऊन दाराशी बसायची. माझ्या बायकोने सुरुवातीची काही वर्षं तिला आत ओढायचा प्रयत्न केला. मी केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होतो?

माझी धाकटी तीन वर्षांची असताना एकदा तिला शेंग सोलता येईना. ती अक्काजवळ गेली आणि तिच्यापुढे तोंड उघडून उभी राहिली. मी झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. अक्काने आधी माझ्याकडे पाहिलं. मग उठून आतून धुतलेली वाटी आणली, शेंग दोन्ही हातांच्या नखांनी उकलली, दाणे वाटीत टाकले आणि वाटी जमिनीवरून पोरीकडे सरकवली. पोर तोंड उघडं ठेवूनच उभी होती. अक्का म्हणाली, “आपल्या हातानं खावं, बाई.”